मान वळवताच गरगरते? कान तपासून घ्या

पहाटे जाग येते, तुम्ही कूस बदलता आणि एकदम पंखा, छत, भिंती सारे गरगर फिरू लागते. घाबरून तुम्ही पलंगाची कड घट्ट धरता. अर्ध्या मिनिटात सारे स्थिर होते. पण फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तोच प्रकार!

मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणते पित्त, कुणी अशक्तपणा. एक्स-रेत मानेच्या मणक्यांची झीज दिसते आणि गळ्यात पट्टा येतो. पण पन्नाशीनंतर अशी झीज पुष्कळांना असते, कधीच चक्कर न आलेल्यांनाही. त्यामुळे पट्टा बांधूनही चक्कर थांबत नाही आणि मेंदूचा आजार तर नाही ना, ही धास्ती मन पोखरत राहते.

खरा दोष कुठे?

डोके हलवल्यावर काही सेकंद घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर मूळ बहुधा कानाच्या आतल्या भागात असते. तिथे तोल सांभाळणारे कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण असतात. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग डोके थांबले तरी 'अजून फिरतेच आहे' असा खोटा निरोप मेंदूला जातो. डॉक्टर या विकाराला 'बीपीपीव्ही' म्हणतात.

निदान सोपे आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ तुम्हाला पलंगावर बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन आडवे करतात आणि बुबुळांची हालचाल पाहतात. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. उपचारही तितकाच साधा. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नळीबाहेर काढले जातात. काही मिनिटांचे काम! बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. गोळ्यांनी मळमळ थांबते, कण हलत नाहीत. त्रास पुन्हा उद्भवला, तर हाच उपचार पुन्हा करता येतो. मात्र कोणता कान बिघडला आहे हे कळल्याशिवाय घरी प्रयोग नकोत.

डॉक्टरांना काय सांगाल?

नुसते 'चक्कर येते' म्हणू नका. घर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? किती सेकंद? कोणत्या कुशीवर? केवळ उठून उभे राहतानाच अंधारी येत असेल, तर रक्तदाब तपासून घ्या. मानेचे दुखणे असेल, तर तेही आधीच सांगा.

चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हात-पाय लुळे पडणे, चालता न येणे, शुद्ध हरपणे किंवा अचानक ऐकू न येणे, यांपैकी काहीही झाले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठा.

एरवी घाबरून उशांच्या ढिगाऱ्यावर बसून रात्री काढण्याचे कारण नाही. योग्य तपासणी झाली, तर कुशीवर निर्धास्त झोपण्याचे सुख परत मिळू शकते.