वजन उतरवा, पण इन्सुलिन चुकवू नका : टाइप वन मधुमेहींचा हिशेब वेगळा

कोलकाता : उत्तर कोलकात्यातील बागबाजार या जुन्या वस्तीचे १४ नोव्हेंबर या तारखेशी गोड नाते आहे. याच वस्तीत १८६८ मध्ये नवीनचंद्र दास यांनी स्पंजासारखा मऊ रसगुल्ला तयार केला आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘बांगलार रोसोगोल्ला’ला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे हा दिवस राज्यात रसगुल्ला दिन म्हणून साजरा होऊ लागला. योगायोग असा की, हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, कारण इन्सुलिनच्या शोधाचे एक मानकरी फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस आहे.

पाहुणचार असो वा शंभर वर्षांहून जुना सार्वजनिक दुर्गोत्सव, मिठाईवाचून बागबाजारात काही होत नाही. अशा ठिकाणी टाइप वन मधुमेह असलेल्या व्यक्तीचे वजन वाढले की, ‘गोड सोड, भात सोड, चालायला लाग’ असा सल्ला चहूबाजूंनी मिळतो. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या घरांतही याहून वेगळे घडत नाही. टाइप टू मधुमेहात हा सल्ला बऱ्याच अंशी योग्य ठरतो. टाइप वनमध्ये मात्र तो अपुरा असून इन्सुलिनचा हिशेब न बदलता अमलात आणल्यास धोकादायकही ठरू शकतो.

वजन घटणे हे आजाराचेच लक्षण

टाइप वन मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुले व किशोरवयीन या आजारासह जगत असून, ही संख्या जगात सर्वाधिक आहे.

इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. शरीर मग चरबी आणि स्नायू जाळून गरज भागवते. वारंवार लघवी, न भागणारी तहान आणि भरपूर खाऊनही झपाट्याने उतरणारे वजन ही या आजाराची ठळक लक्षणे यातूनच निर्माण होतात.

इन्सुलिनच्या शोधापूर्वी डॉक्टर अशा रुग्णांना जवळपास उपाशी ठेवून काही महिने किंवा वर्षे जगवीत असत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळालेल्या लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाचे वजन अवघे २९ किलोच्या आसपास होते. उपचार सुरू झाल्यावर अशा मुलांच्या अंगावर मांस धरू लागले, तेव्हा ते वाढते वजन हीच औषधाच्या यशाची खूण मानली गेली. या आजारात नकळत घटणारे वजन ही आजही आनंदाची नव्हे, तपासणीची बाब आहे.

मग वजन वाढते कसे?

टाइप वन म्हणजे सडपातळ रुग्ण, ही समजूत आता मागे पडली आहे. बैठे काम, तळलेले पदार्थ आणि अपुरी झोप यांचा परिणाम या रुग्णांवरही इतरांप्रमाणेच होतो. त्याखेरीज उपचाराशी निगडित दोन कारणे आहेत.

पहिले कारण साध्या बेरजेचे आहे. साखर अनियंत्रित असताना दिवसाकाठी १०० ग्रॅम ग्लुकोज लघवीवाटे जात असेल, तर सुमारे ४०० किलोकॅलरी वाया जात असतात. इन्सुलिनने साखर ताब्यात आली की ही गळती थांबते. आहार तोच राहिला तर वाचलेली ऊर्जा शरीर साठवू लागते. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नामांकित अभ्यासात हे स्पष्ट दिसले. साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटाचे वजन पाच वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ किलोने अधिक वाढले. मात्र त्याच गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. वाढलेल्या काही किलोंच्या बदल्यात दृष्टी वाचत होती.

दुसरे कारण कमी लक्षात येते. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त झाले की साखर ७० च्या खाली उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, अनावर भूक लागते. घाबरलेला रुग्ण समोर येईल ते खातो. काही जण तर साखर उतरेल या भीतीने झोपण्यापूर्वी रोज भूक नसताना खातात. आठवड्यातून चार-पाच वेळा असे घडल्यास, ताटातून वगळलेल्या भाताची भरपाई केव्हाच होऊन जाते. म्हणूनच या रुग्णांच्या वजन कमी करण्याच्या प्रयत्नात पहिला प्रश्न ‘किती खाता’ हा नसून ‘साखर किती वेळा उतरते’ हा असायला हवा.

सर्वांत घातक वाट

इन्सुलिन कमी घेतले की वजन उतरते, हे काही तरुण रुग्णांच्या, विशेषतः मुलींच्या लक्षात येते. अनेकदा घरच्यांना पत्ता लागू न देता ते डोस टाळू लागतात. या वर्तनाला बोलीभाषेत ‘डायबुलिमिया’ असे नाव पडले आहे. अशा वेळी वजन उतरते ते आजार बळावल्यामुळे. चरबी बेसुमार जळू लागल्याने रक्तात कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी बनते आणि ‘कीटोॲसिडोसिस’ ही जीवघेणी अवस्था काही तासांतही उद्भवू शकते.

अमेरिकेतील बोस्टन येथे टाइप वन मधुमेह असलेल्या २३४ महिलांचा ११ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिन मुद्दाम कमी घेणाऱ्या महिलांमध्ये मृत्यूचा धोका तिपटीने अधिक आढळला. मृत महिलांचे सरासरी वय इन्सुलिन टाळणाऱ्या गटात ४५, तर इतर महिलांमध्ये ५८ वर्षे होते.

साखरेची सरासरी दाखविणारी एचबीए१सी चाचणी अकारण वाढत जाणे, वजन उतरत राहणे, इन्सुलिनची कुपी नेहमीपेक्षा जास्त दिवस पुरणे आणि वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे या खुणा कुटुंबीयांनी ओळखायला हव्यात. अशा वेळी रागावण्याने मुलगी अधिकच लपवू लागते. मधुमेहतज्ज्ञासोबत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घेणे हा योग्य मार्ग होय.

ताट बदलले की डोसही बदलावा

इन्सुलिन टाळणे आणि आहारासोबत त्याचा डोस जुळवून घेणे या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. दीर्घकाळ काम करणारे पायाभूत इन्सुलिन उपाशी असतानाही लागते. जेवणासोबतचे इन्सुलिन त्या जेवणातील कर्बोदकांनुसार ठरते.

उदाहरणार्थ, एखाद्या रुग्णाला १० ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट लागते आणि एक युनिटने त्याची साखर ५० मिलिग्रॅमने उतरते, असे समजू. दुपारच्या जेवणात ६० ग्रॅम कर्बोदके असतील तर ६ युनिट योग्य ठरतात. त्याने भात कमी करून कर्बोदके ४० ग्रॅमवर आणली, पण सवयीने ६ युनिटच घेतली, तर दोन युनिट जादा होतात. जेवणापूर्वी १४० असलेली साखर काही तासांत ४० पर्यंत उतरू शकते. ती सावरण्यासाठी साखर खावी लागते आणि कमी केलेला भात दुसऱ्या वाटेने पोटात जातो. डोस ४ युनिट केला असता तर ताटही हलके राहिले असते आणि साखरही स्थिर. हे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते, त्यामुळे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. वजन जसजसे उतरते तसतशी दिवसाची एकूण गरजही घटत असल्याने डोसचा दर काही आठवड्यांनी फेरआढावा घ्यावा लागतो.

कपात कुठे करावी, याचे उत्तर बंगाली आणि मराठी स्वयंपाकघरांत सारखेच आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर मोहरीच्या किंवा शेंगदाण्याच्या एक मोठा चमचा तेलात जवळपास १२० किलोकॅलरी. तेल थेट साखर वाढवीत नसल्याने मधुमेही घरांत त्याकडे दुर्लक्ष होते. लुची वा पुरी, तळलेले मासे आणि भजी कमी केल्यास इन्सुलिनच्या हिशेबात मोठी उलथापालथ न होता ऊर्जा कमी होते. मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, हलके वाटले तरी साखर वेगाने वाढवितात. त्याउलट डाळ, मासे, अंडी, उसळी आणि भाज्या पोट अधिक वेळ भरलेले ठेवतात. कर्बोदके जवळपास बंद करणारे ‘कीटो’ आहार मात्र या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नयेत.

साखर उतरली तर मिठाई नव्हे, मोजून साखर

साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन ते चार चहाचे चमचे, पाण्यात घालून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी, असा सर्वमान्य नियम आहे. बागबाजारात अशा वेळी संदेशचा डबा पुढे येणे स्वाभाविक असले तरी तो योग्य उपाय नाही. संदेश किंवा चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते आणि एका मिठाईत नेमकी किती साखर आहे याचा अंदाज येत नाही. आराम पडेपर्यंत चार तुकडे खाऊन झालेले असतात. मात्र शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

जेवणाचा भाग म्हणून हिशेबात धरून खाल्लेला एखादा रसगुल्ला मात्र टाइप वन रुग्णाला पूर्णपणे वर्ज्य नाही.

चालणे, व्यायाम आणि उपवास

हुगळीच्या काठी बागबाजार घाटावर सकाळ-संध्याकाळ फेरफटका मारणे हा व्यायामाचा सोपा प्रकार. मात्र जेवणाचे इन्सुलिन घेऊन लगेच तासभर चालल्यास साखर वेगाने उतरते. व्यायामापूर्वी ती ९० ते २५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी, खिशात ग्लुकोज असावे आणि आधीच्या जेवणाचा डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घेतलेले असावे. साखर २५० च्या वर असून कीटोनही आढळत असतील तर व्यायाम टाळावा. व्यायामाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकत असल्याने झोपण्यापूर्वी तपासणी करणे हिताचे ठरते.

दुर्गापूजेत अष्टमीच्या अंजलीपर्यंत निराहार राहण्याची प्रथा आहे, तर महाराष्ट्रात एकादशी, चतुर्थी आणि नवरात्राचे नऊ दिवस. उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असून, पायाभूत इन्सुलिन उपवासाच्या दिवशीही बंद करता येत नाही. साबुदाणा आणि बटाटा यांत भरपूर कर्बोदके असल्याने ‘उपवासाने वजन उतरेल’ ही अपेक्षाही बहुधा फोल ठरते.

इंजेक्शनांचे आकर्षण

वजन कमी करणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात लठ्ठपणासाठी उपलब्ध झाल्यापासून त्यांबाबत कुतूहल वाढले आहे. टाइप वन मधुमेहाच्या उपचारासाठी त्यांना मान्यता नाही. याच वर्गातील लिराग्लुटाइडच्या टाइप वन रुग्णांवरील चाचण्यांत वजन घटले, पण साखर उतरण्याचे आणि कीटोन वाढण्याचे प्रकारही वाढल्याचे २०१६ मध्ये समोर आले. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्यांमुळे तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. त्यामुळे घरातील टाइप टू रुग्णाचे औषध टाइप वन रुग्णाने घेणे हा गंभीर धोका आहे.

लक्ष्य किती असावे?

भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, २३ च्या वर गेल्यास जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. म्हणूनच वजनकाट्याबरोबर कंबरेचा घेरही मोजणे महत्त्वाचे आहे. आठवड्याला साधारण अर्धा किलो आणि एकूण वजनाच्या पाच टक्के घट हे पहिले उद्दिष्ट पुरेसे असते. वाढत्या वयातील मुलांसाठी मात्र ते बालमधुमेहतज्ज्ञांनीच ठरवावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप वन मधुमेहासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाच्या पुढाकाराने या रुग्णांसाठीची सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्यात आली आहे.

वजन कमी करण्याचा कार्यक्रम सुरू असताना उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास किंवा गुंगी जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. काट्यावरील आकडा उतरत असेल आणि साखरही नियंत्रणात असेल, तरच ते वजन योग्य मार्गाने उतरत आहे असे समजावे. साखर वाढत असताना वजन उतरत असेल, तर त्या दिवशी काटा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.