ब्रह्मकमळाला लागलेलं पीठ

बेळगावचं घर विकलं तेव्हा आईनं भांडीकुंडी मुलींत वाटून टाकली. माझ्या वाट्याला आलं ते ब्रह्मकमळाचं एक पान, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी ते रुजलं आणि चार वर्षांत खिडकीच्या वर गेलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बेचक्यांत कुणी कणकेचा हात पुसावा तसं पांढरं दिसू लागलं. मी फडक्यानं पुसून काढलं. आठ दिवसांनी दुप्पट! पानं चिकट, खालची फरशीही चिकट. फोनवर आईला सांगितलं.

"हिट्टु तिगणे गं ते. आधी मुंग्या आहेत काय बघ."

होत्या. कुंडीपासून भिंतीच्या फटीपर्यंत रांग लागलेली.

मराठीत हाच पिठ्या ढेकूण. दोन्ही भाषांना पीठ आणि ढेकूणच कसे सुचले, देव जाणे. ही कीड पानातला रस शोषते आणि गोड चिकटा बाहेर टाकते. त्या गोडासाठी मुंग्या तिची राखण करतात, तिच्यावर टपलेल्या किड्यांना हुसकावतात.

इथं माझी चूक झाली. आमचं गाव केळीचं. ओळखीच्या घरून शेतावरचं औषध बाटलीत आणलं आणि दारं लावून घरातच फवारलं. रात्री सासूबाईंना अशी ढास लागली की दवाखाना गाठावा लागला. "झाड जगवायला मला मारतेस का गं?" त्या हसत म्हणाल्या, पण दोन दिवस मला त्यांच्याकडे बघवेना. शेतातलं औषध घरात आणू नये, बाटलीवर चिठ्ठी नसलेलं तर मुळीच नाही.

मग आईच्या पद्धतीनं सुरुवात केली. कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवली आणि भिंतीची फट बुजवली. कापूस काडीला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला नि एकेक ढेकूण टिपला. आधी एकाच पानावर लावून दिवसभर वाट पाहिली, पान करपत नाही ना म्हणून. नंतर कडुलिंबाचं तेल, म्हणजे आपलं बेवीन एण्णे, लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा आणि साबणाचे चार थेंब. पण साबण फाटून वर साय धरायची! इथलं पाणी जड. खानखानानच्या काळच्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांतही चुन्याचे थर चढले आहेत, तिथं माझ्या बादलीचं काय! पावसाचं पाणी धरून ठेवलं तेव्हा तेल नीट मिसळलं. फवारणी संध्याकाळीच, पानाच्या खालूनसुद्धा.

एकदा फवारून भागत नाही. मेणकट कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात, त्यांना औषध पोचत नाही. म्हणून दर आठवड्याला एकदा, असं पाच आठवडे केलं. तरी झाड मलूलच, म्हणून उपटून पाहिलं तर मुळांनाही पांढरं! माती फेकली, मुळं धुतली, कुंडी उकळत्या पाण्यानं धुऊन काढली.

एक गोष्ट मात्र जपा. गच्चीतल्या जास्वंदीवर मला पांढऱ्या झिपऱ्यांचा एक मोठा 'ढेकूण' तुरुतुरु पळताना दिसला. मारणार तोच थांबले. पिठ्या ढेकूण असा पळत नाही. ते क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याचं पिल्लू, पिठ्या ढेकणांवरच जगणारं. हा किडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला होता. तिथल्या खवल्या किडीवर तो चालला नाही, पण पिठ्या ढेकणावर मात्र इथं कायमचा रुळला. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये आपल्या देशात दिसला, तेव्हाही २०१० साली पोर्तो रिकोहून एक इवलीशी गांधीलमाशी मागवून बेंगळूरूच्या सरकारी संस्थेनं तिची पैदास केली आणि ती बागांत सोडली. बंद घरात असे सोबती कुठले? म्हणून तिथं कापूस आणि काडी.

आता आईला ते झाड परत हवंय. टिळकवाडीच्या फ्लॅटला बाल्कनी आहे. पान कापून दे म्हणते. मी सांगितलंय, दोन महिने थांब, नव्या फुटव्यांच्या बेचक्यांत पांढरं दिसत नाही ना, ते बघू दे.