टीव्ही तोच, चित्र वेगळे

वायफाय एकच, चित्रपटही तोच. तरी जुन्या स्मार्ट टीव्हीवर तो अडखळतो आणि त्याच टीव्हीच्या एचडीएमआयला फायर टीव्ही स्टिक लावली की सुरळीत चालतो. दोष दर वेळी इंटरनेटचा नसतो. नेटफ्लिक्स 4के चित्रासाठी 15 एमबीपीएस वेग सुचवते. तेवढा वेग मिळूनही घोडे बहुधा अडते ते टीव्हीतल्या तुटपुंज्या रॅमपाशी. मेनू रेंगाळत उघडतो तेव्हाच ते कळते.

दुसरी गोम फ्रेमची. चित्रपट बहुधा सेकंदाला 24 फ्रेमचा, पडदा 60 हर्ट्झचा. भागाकार पूर्ण जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की दृश्य बारीक झटके खाते. अ‍ॅपल टीव्ही 4केच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ सुरू केले, आणि टीव्हीने साथ दिली, तर ते थांबतात. फार मोलाची सोय!



नवा टीव्ही घेण्याआधी एकदा स्टिक लावून पाहा.