‘माझी मैना’: विरहातून उठलेला सवाल

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या बाजाचं गाणं, मला फार आवडते.

पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, अशी तिची सुरुवात. पुढे तोच गडी मुंबईतली विषमता दाखवतो: एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे बेकारी. शेवटी हा विरह मराठी भाषकांच्या एका राज्यासाठीच्या, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडला जातो. मैना म्हणजे तुटून राहिलेला मराठी मुलूख!

वाटेगावहून आलेल्या अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केलं होतं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अन्यायाची गोष्ट त्यांनी भाषणाऐवजी तमाशाच्या ओळखीच्या बाजात सांगितली. गाव सोडावं का लागतं, हा प्रश्न या छक्कडीतूनही तसाच मनात रुजतो.

अवश्य ऐका!

#अण्णाभाऊसाठे #लोकशाहीर