न पडता मोडलेला मणका

ओट्याखालचा तांदळाचा डबा ओढताना, गादी उलटताना, कधी नुसती जोराची शिंक आली म्हणून पाठीत कळ उठते. घरातल्या घरात निदानही होऊन जातं: उसण भरली. मग शेक, बाम, तेल, आणि गावात कुणी पायाळू असेल तर त्याच्या पायाची हलकी लाथ. साठी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत ही कळ कित्येकदा स्नायूची नसतेच. पाठीतला एखादा मणका पुढच्या बाजूने चेपलेला असतो आणि त्यावर वरून लाथ बसते.

डॉक्टर याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात. हाडं ठिसूळ झाल्यामुळे जी हाडं मोडतात, त्यांत मणक्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे, खुब्यापेक्षा आणि मनगटापेक्षाही. खुबा मोडला की सगळं घर धावतं. मणका मोडला तर बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. अशा तीन रुग्णांपैकी साधारण एकाचंच निदान होतं, बाकीचे ‘वय झालं’ या सदरात जमा होतात. मला यातली सर्वांत जाचणारी गोष्ट ही वाटते, की पहिला चेपलेला मणका ही पुढच्या संकटाची सूचना असते आणि नेमकी तीच वाचली जात नाही. एक मणका असा मोडला की दुसरा मोडण्याचा धोका चार-पाच पटींनी वाढतो. पाचांतल्या एकीला तर वर्षाच्या आतच पुढचा मणका दगा देतो.

‘मी पडलेच नाही, मग हाड मोडेल कसं?’

हा समज सर्वांत पक्का आहे आणि सर्वांत जास्त नुकसान करणाराही. मणक्याला बाहेरून पातळ कवच असतं; आत हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, आंबोळीला पडते तशी. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि ही जाळी विरळ होऊ लागते. आधी आडव्या पट्ट्या तुटतात. त्या गेल्या की उभ्या पट्ट्यांना आधार उरत नाही आणि त्या भाराखाली वाकतात. अशा मणक्याला मोडायला पडावं लागत नाही. पुढे वाकून वजन उचललं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, ती कड बसते, मागची शाबूत राहते, आणि चौकोनी मणक्याची पाचर होते. बरगड्यांनी जखडलेली पाठ संपून मोकळी हलणारी कंबर जिथे सुरू होते, तिथले दोन मणके, म्हणजे पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला, सर्वांत जास्त वेळा मोडतात. त्याखालोखाल खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाजवळचे.

एसटीत मागच्या बाकावर बसलेला प्रवासी गतिरोधकावर उसळतो आणि खाली आदळतो. अशा एका दणक्याने मणका चेपल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांत हाडं धडधाकट असलेली तरुण माणसंही आहेत. तेव्हा घरातल्या वयस्क माणसाला पुढची जागा मिळवून देणं हा नुसता शिष्टाचार नाही. झाडावरून, माळ्यावरून किंवा शिडीवरून पडून पायांवर आदळलेल्या माणसाचंही तेच. टाच मोडलेली दिसली की पाठीचाही एक्स-रे काढायचा, हे अस्थितज्ज्ञांना शिकवलेलं असतं. गावाकडे मात्र पायाला प्लास्टर घालून माणूस घरी येतो आणि पाठ दुखतेय म्हणून सांगत राहतो.

पाळी लवकर गेली की मणक्यांची झीजही लवकर सुरू होते, आणि हा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं फार कमी वयात, मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत एका दिवसात बंद होतो. ती ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. म्हणजे जी झीज पन्नाशीनंतर सुरू व्हायची, ती चाळिशीच्या आत सुरू होण्याचा धोका, आणि डोक्यावर उसाची मोळी तशीच. ‘पिशवी’ काढलेल्या प्रत्येक बाईने पाठदुखीसाठी डॉक्टरकडे गेल्यावर शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली आणि अंडाशयं ठेवली की काढली, हे आपणहून सांगायला हवं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं असेल तर तेही न्यावं.

हाडं ठिसूळ होण्याचं दुसरं मोठं कारण स्टेरॉइड. दमा, आमवात, त्वचेचे विकार यांसाठी प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, तीन महिन्यांहून जास्त घेतलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो, आणि झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. गुडघेदुखीवर लगेच आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र हे वाचून एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं. सोबत हाडांसाठी काही हवं का, एवढं विचारावं.

‘मणक्यात गॅप आलाय, नस दबली असेल’

कुठल्याही पाठदुखीला आपल्याकडे हे एकच उत्तर तयार असतं. पण चकती सरकून नस दबली तर कळ बहुधा नितंबापासून पायात, पोटरीपर्यंत उतरते आणि बसल्यावर वाढते. मणका चेपल्याची कळ वेगळी. ती बहुतेक वेळा एका क्षणात सुरू होते आणि तो क्षण माणसाला आठवतो. उभं राहिलं, चाललं की वाढते, आडवं झालं की कमी होते, आणि अंथरुणात कूस बदलताना, उठून बसताना जीव जातो. पाठीतून बरगड्यांवरून पुढे पोटापर्यंत पट्टा आवळल्यासारखं दुखू शकतं. मग पित्त समजून पोटाच्या तपासण्या होतात. पाठीच्या कण्यावरून हलकी मूठ ठोकत गेलं तर नेमक्या एका जागी माणूस कळवळतो. हे डॉक्टरांनी करून पाहायचं, घरी नाही.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. बारावा मणका मोडला तरी दुखणं पुष्कळदा त्याच्या खूप खाली, कमरेत किंवा कुल्ल्याच्या हाडावर जाणवतं. एक्स-रेही मग तेवढ्याच भागाचा निघतो आणि मोडलेला मणका फिल्मच्या वरच्या कडेबाहेर राहतो. शिवाय पहिल्या दिवसांत मणका फारसा खचलेला नसतो. उंची नंतर दोन-तीन आठवड्यांत कमी होत जाते. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकूनही दुखणं तसंच राहिलं तर पाठ आणि कंबर दोन्ही येतील असा, बाजूने घेतलेला एक्स-रे पुन्हा काढायला सांगणं हा रुग्णाचा हट्ट नव्हे.

एक्स-रेत चेपलेला मणका दिसला, तरी तो कालचा की दहा वर्षांपूर्वीचा हे त्यावरून कळेलच असं नाही. ते एमआरआय सांगतं: ताज्या फ्रॅक्चरमध्ये मणक्याच्या मगजात सूज दिसते, जुन्यात ती ओसरलेली असते. मणक्याची मागची भिंत फुटून हाडाचा तुकडा मज्जारज्जूकडे सरकला आहे का, हे सीटी स्कॅनवर अधिक स्पष्ट होतं.

‘दुखत नाही, म्हणजे मोडलेलं नाही. पोक तर वयाने येतंच’

चकत्या झिजून म्हातारपणी थोडी उंची सगळ्यांचीच कमी होते. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटरहून, म्हणजे दीड इंचाहून अधिक घट झाली असेल, तर न दुखताही मणके चेपलेले असण्याची शक्यता तपासायला हवी. आपल्या आई-आजींना त्यांची तरुणपणीची उंची बहुधा पाठ असते. स्थळं येताना ती सांगावी लागलेली असते. आज भिंतीला लावून मोजा. टाचा आणि पाठ भिंतीला टेकून, नजर समोर ठेवून उभं राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, किंवा शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्यात दोन बोटंही मावत नसतील, तर तो पाठीचा एक्स-रे काढायला पुरेसा आधार आहे.

पाठीला बाक आला की बरगड्या खाली येतात आणि पोट पुढे ढकललं जातं. बाईला वाटतं आपण सुटलो, म्हणून ती जेवण कमी करते, तसंही चार घासांत पोट भरल्यासारखं होतच असतं. श्वास पुरत नाही. तोल पुढे जातो, मग पडणं आलं आणि खुबा मोडणं आलं. हे सगळं म्हातारपणाचं म्हणून सोडून देणं मला अन्याय वाटतं, कारण यातलं बरंचसं थांबवता येतं.

‘कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल आहे’

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातली पातळी शरीर काटेकोरपणे सांभाळतं, कमी पडलं तर हाडांतून काढून. म्हणून हाडं पोकळ होत असतानाही रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो. तो बघून निश्चिंत होऊ नये. ही तपासणी करतात ती दुसरं काही लपलंय का ते पाहायला.

हाडांची घनता मोजायची प्रमाण तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन; तिचा आकडा टी-स्कोअर म्हणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषाप्रमाणे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जो आकडा देतात, त्यावरून हे निदान करता येत नाही. डेक्सालाही मर्यादा आहेत. चेपलेल्या मणक्यात तेवढंच खनिज कमी जागेत दाटलेलं असतं, त्यामुळे मोडलेलं हाड जास्त भक्कम असल्याचा आकडा येऊ शकतो. संधिवाताने वाढलेल्या हाडांनीही तेच होतं. म्हणून खुब्याची घनता सोबत पाहतात. आणि किरकोळ कारणाने मणका चेपला असेल, दुसरा आजार नसेल, तर टी-स्कोअर उणे १.८ आला तरी हाडं ठिसूळ आहेत असंच धरून उपचार करायचे असतात.

‘बायकांचा आजार’ हाही असाच एक समज. जगभरात पन्नाशीनंतर तीन स्त्रियांमागे एकीचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, पुरुषांत पाचांमागे एकाचं. पुरुषाचा मणका मोडला की स्टेरॉइड, दारू, टेस्टोस्टेरॉनची कमतरता यांचा शोध अधिक बारकाईने घ्यावा लागतो.

‘मणका चेपला, म्हणजे ठिसूळ हाडंच’

इथे घाईने निदान करणं धोक्याचं आहे. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात सर्वांत जास्त वेळा कणाच सापडतो. दुखणं हळूहळू वाढतं, रात्री झोपल्यावरही थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावलेली, वजन उतरलेलं. खोकला असेलच असं नाही. क्षयात बहुधा शेजारचे दोन मणके आणि त्यांमधली चकती मिळून खराब होतात. ठिसूळपणाने मोडलेल्या मणक्याशेजारची चकती शाबूत असते. कॅन्सरही चकतीला सहसा हात लावत नाही, पण तो मणक्याच्या मागच्या कमानीपर्यंत पसरतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइडचे कॅन्सर मणक्यांत उतरतात. मल्टिपल मायलोमा तर हाडांच्या मगजातच सुरू होतो. त्यात रक्तक्षय, वाढलेला ईएसआर, बिघडलेली मूत्रपिंडं ही सोबतीची लक्षणं, आणि रक्तातल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने त्याचा माग लागतो. संशय उरला तर मणक्यातला तुकडा काढून तपासतात. सुईने कॅन्सर पसरतो या भीतीने ही बायोप्सी टाळणारे नातेवाईक मूळ आजाराला वेळ देतात.

पायांतली ताकद कमी होणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

‘तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही’

पडून राहिलं की हाड आणखी विरळ होतं, स्नायू वाळतात, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात. कळ असह्य असेल तेवढे थोडे दिवस विश्रांती, पुरेशी वेदनाशामकं, मग पट्टा लावून हळूहळू चालणं. उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. खाली वाकून केर काढणं, जमिनीवर विळी घेऊन बसणं, कंबरेतून वाकण्याचे व्यायाम बंद. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. मणक्यात सिमेंट भरण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांना उपयोगी पडते. पण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००९ साली आलेल्या दोन चाचण्यांत तिचा आराम आणि सिमेंट न भरता केलेल्या लुटुपुटूच्या प्रक्रियेचा आराम सारखाच निघाला. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिची घाई नको.

दुखणं थांबलं की घरी सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरा उपचार तिथेच राहून जातो. पुढचा मणका वाचवायला ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम लागतंच, पण मोडून गेलेल्या हाडाला तेवढं पुरत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर अर्धा तास पाठ टेकायची नसते. ज्यांना तेवढं बसवत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन आहे. फार ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइडची रोजची सुई आहे, ती नवं हाड घडवते. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात, आणि त्याची तारीख चुकवायची नाही: ते मध्येच सोडलं, त्याजागी दुसरं औषध सुरू केलं नाही, तर अडवून धरलेली झीज एकदम उसळते आणि काही महिन्यांत एकापाठोपाठ अनेक मणके चेपू शकतात.