दोन वर्षांचें मूल आणि आईचा थकवा

आम्हां शिक्षकांच्या हातीं मूल येतें तें सहाव्या वर्षीं. तोंपर्यंत तें चालूं-बोलूं लागलेलें असतें, हात धुऊन जेवतें, रागावलें तर निदान कारण तरी सांगतें. हें सारें ज्या वर्षांत घडतें तीं आईच्या वाट्याला येतात. आणि तिची एकतर स्तुति होते, नाहीं तर तिला दोष दिला जातो. श्रमांचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

दीड वर्षांच्या सुमारास मुलाला स्वतःची इच्छा समजूं लागते. पेला स्वतःच धरावयाचा, चप्पल स्वतःच घालावयाची. इच्छा मोठी, शब्द थोडे. शिवाय आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग परिपक्व होण्यास विशी उलटावी लागते. तेव्हां पोळी तोडून दिली म्हणून जमिनीवर अंग टाकून रडणारें पोर बिघडलेलें नसतें. त्याला त्या क्षणीं थांबतांच येत नसतें.

त्याचा राग शमवावयाचा, तर आईला आधीं स्वतःचा गिळावा लागतो. दिवसांतून एकदां नव्हे, दहा वेळां. त्यांत झोप तुटलेली, हातांतलें प्रत्येक काम अर्धवट, आणि शेजारीं मत देणारीं माणसें उभीं! शेतावर राबणारा सायंकाळीं खाटेवर पडतो. हिच्या दिवसाला सायंकाळच नसते. माझ्या मतें शरीरकष्टांपेक्षां ही अखंड सावधताच अधिक थकविते.

पूर्वींच्या वाड्यांत असें नव्हतें, असें माझ्या वयाचे लोक सांगतात. हें अर्धेंच खरें. मूल आजीच्या मांडीवरून काकूच्या कडेवर जात असे. पण सुनेला ‘मी थकलें’ म्हणण्याची सोय नव्हती. आज मुंबई-पुण्याच्या बंद दाराआड बोलण्याची मोकळीक आहे, ऐकावयास माणूस नाहीं. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं पगारी प्रसूति-रजा १२ वरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक नोकर असलेल्या संस्थांवर पाळणाघराची जबाबदारी आली. परंतु हट्टाचें वय येतें तें रजा संपून वर्ष लोटल्यावर.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट हे १९४० नंतरच्या दशकांत बी. बी. सी. वरून आयांशीं बोलत असत. मुलाला निर्दोष आई लागत नाहीं, पुरेशी चांगली आई पुरते, असा त्यांचा विचार. प्रथम सर्व गरजा तत्परतेनें पुरविणारी आई हळूहळू, मुलाला झेपेल इतकी, मागें सरते. त्यांतूनच तें जगाशीं जुळवून घ्यावयास शिकतें. आवाज चढला म्हणून रात्रभर स्वतःस दोष देणाऱ्या मातांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

मात्र थकवा निराळा, आजार निराळा. दोन आठवडे मन उदास असेल, मूल निजल्यावरही झोप येत नसेल, तर डॉक्टरांस भेटावें. स्वतःस वा मुलास इजा करण्याचा विचार मनांत आला, तर एक दिवसही थांबूं नये. केंद्र सरकारची २०२२ सालीं सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. तेथें मराठींतही बोलतां येतें.

आतां वडिलांविषयीं. ‘मी तिला मदत करतों’ हें वाक्य मला खटकतें. मूल दोघांचें आहे. रविवारीं दोन तास तें बापाकडे असेल, तर पुरतें बापाकडेच असावें. मुलाची टोपी कोठें ठेवली आहे, हें विचारावयास तिला झोपेंतून उठवूं नये.