ओसलिव्हन : सर्वेक्षक की कलावंत?

टिमथी ओसलिव्हन यांनी १८६७ पासून अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरकारी भूसर्वेक्षणांसाठी छायाचित्रे काढली. पुढे ती विस्मरणात गेली. १९३०च्या दशकात छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ब्यूमाँट न्यूहॉल यांच्या नजरेस आणली आणि ओसलिव्हन आधुनिक निसर्ग-छायाचित्रणाचे पूर्वसुरी ठरले. १९८२ मध्ये समीक्षक रोझलिंड क्राउस यांनी या गौरवालाच हरकत घेतली. त्यांचे उदाहरण असे : ओसलिव्हन यांच्या नेवाडातील पिरॅमिड सरोवराच्या छायाचित्रात खडक नितळ, फिकट पोकळीत अधांतरी वाटतात. १८७८ च्या भूशास्त्रीय ग्रंथातील त्याच दृश्याच्या शिळाछापात मात्र पाण्यावर तरंग आहेत, आकाशात ढग आहेत. भूशास्त्राच्या नोंदींना कलाकृतीचा दर्जा नंतर संग्रहालयाने दिला, असे क्राउस यांचे म्हणणे. ते बरेचसे पटते. तरीही कॅमेरा नेमका कुठे लावायचा, हा निर्णय ओसलिव्हन यांचाच होता.